मोटारीले आवतन

रिसोड
श्रावण शुद्ध पंचमी, सन १९३५

ती. सौ. प्रयागबाईस धाकटा भाऊ जगदेव याचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. तिकडची खुशाली कळवत जा. बाई, उभी राहून वाचून राह्यली असशील त आधी खाली बस. मी मोटार घेतली. हासू नोको. खरी मोटार, चार चाकायची, भोंग्याची. अकोल्याचा एक इंजिनेर साहेब पेन्शनीत निघाला अन् जाता जाता त्यानं ती मातीमोल देऊन टाकली. एका बऱ्या बैलजोडीच्या पैशात मोटार, अन् तिले ना कडबा लागत ना सरकीची ढेप. पंधरा दिवस अकोल्यात राहून हाकाले शिकून आलो.

लहान हाये, कबूल. तुही भावजय रंगूबाई म्हनते, हे मोटार नोहे, मोटारीचं वासरू हाये. पुढं दोघं, मांगं दोघं, अन् मांगच्यायनं पाय पोटाशी घेतले त वांग्याची एक टोपली. परवा वांगे अन् सांबाराच्या हिरव्या जुड्या घेऊन वाशीमच्या बाजारात गेलो. सांबार असा टवटवीत, जसा आत्ताच उपडला. पन आडत्यानं मालाकडं पाह्यलंच नाई, तो मोटारीभवती फिरत होता.

पन हे काई बाजारासाठी घेतली नाई. इंझोरी ते रिसोड गाडीनं दोन मुक्काम. भाऊजी म्हनतात बैल रिकामे नाईत, मी म्हनतो माहे बैल थकले, अन् तुहं माहेर राहूनच जाते. आता सकाळी निघालं का दिवे लागाच्या आत तू आपल्या अंगनात. पोळ्याले घ्याले येतो, नाई म्हनू नोको.

भाऊजी अन् सासूबाईस नमस्कार. तुही माया पातळ होऊ देजो नोको, एवढंच मागनं.

तुहा
जगदेव

*

इंझोरी
श्रावण शुद्ध एकादशी

चि. जगदेव यास प्रयागबाईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुहं पत्र यायनं ओसरीत मोठ्यानं वाचलं. मी चुलीपाशी ऐकत होती. भाकर करपली, त्याचं बोलनं वेगळं खाल्लं.

हे म्हनतात, एवढ्या स्वस्तात चांगली चीज मिळत नाई, तो पत्र्याचा डबा असन. वाशीमच्या रस्त्यानं एक अशीच लहान मोटार यायनं बाभळीले आदळलेली पाह्यली होती, चपटी झालती म्हने. यायनं मले लिहाले सांगतलं, ते लिहितो: मोटार चालते कशी हे समदेच सांगतात, तिले थांबवाले काय हाये ते कळव. तू आता यायले नीट उत्तर पाठव बापा, नाईतर माह्यामांगं लकडा लागन.

सासूबाईनं मातर एकच इचारलं, का त्या मोटारीले छत हाये का? समजलास ना? माह्या लग्नात इहिनीसाठी तुमी गाडी आनली, तिले छत नव्हतं, अन् सासूबाई, एवढी सोजरबाई पाटलीन, उन्हात बसून रिसोडात आली. तवापासून त्यायनं आपल्या दाराची पायरी चढली नाई. तू म्हनतोस बैलामुळं माहेर राह्यते. बैलामुळं नाई रे. मी माहेरचं नाव काढलं का ते छत निघते. आता त्या सोता म्हनतात, छत असन त मी बी येतो. चुलत सासरे वारल्यानं यंदा आमच्याकडं सन नाईच, त दोघीयले बी सवड हाये.

तवा छत नीट बसवून घेजो. बाकी यायच्या सवालाचं उत्तर यायले दे. आशीर्वाद हायेतच, ते काई मोटारीनं पाठवा लागत नाई.

तुही बहीन
प्रयागबाई

*

इंझोरी
भाद्रपद शुद्ध पंचमी

चि. जगदेव यास नानाजीचे आशीर्वाद वि. वि.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिले आहेत. आईचा उजवा हात मनगटात मोडला आहे. हाड बसवणाऱ्याने कामट्या बांधल्या. तिला रात्रभर झोप नाही, आणि ती तुझ्याविषयी एक शब्द बोलत नाही. बोलली असती तर मला बरे वाटले असते. सौभाग्यवतीच्या कपाळाला खोक पडली आहे, ती भरून येईल.

थांबवायला काय आहे, हे मी पोळ्याआधी विचारले होते. त्याचे उत्तर तू दिले नाहीस. ते परतीच्या वाटेवर मानोऱ्याजवळच्या नाल्याच्या उतरणीवर मिळाले. तांड्यावरचा हेमसिंग कडब्याची गाडी घेऊन समोरून येत होता, त्याने ती वळवली म्हणून बरे. तो सांगतो की नाल्यात कलंडलेली तुझी मोटार चार माणसांनी खाट उचलावी तशी उचलून सरळ केली. जी वस्तू खाटेसारखी उचलता येते तिच्यात तू माझी आई बसवलीस.

जी बाई छत नाही म्हणून इतकी वर्षे तुमच्या दारात आली नाही, ती दिवसाउजेडी उघड्या कडब्यावर बसून आमच्या वेशीतून आली. मागे तू पायी, अंगावर चिखल. सगळे गाव ओट्यावर होते. मला कोणी काही विचारले नाही, आणि मला वर पाहवले नाही.

दिवाळीला गाडी पाठवू नये, मोटार तर नाहीच. सौ. आता माहेरी येणार नाही.

नानाजी

*

रिसोड
भाद्रपद शुद्ध द्वादशी

तीर्थरूप भाऊजींच्या पायाशी जगदेवचा दंडवत वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. त्यात एक बी शब्द जास्तीचा नाई. कोन्या तोंडानं उत्तर लिहू असं झालं होतं, म्हनून इतके दिस लागले.

वाशीमचा मिस्तरी बलावून मोटार ओढून आनली अन् चाकं खोलली. ब्रेकाच्या पट्ट्या चाकाले आतून धरतात तवा मोटार थांबते. त्या पट्ट्यायले तेल लागलं होतं, म्हनून त्या सरकत गेल्या. तेल-वंगन मीच घालत असतो. हयगय माह्याच हातची. मोटार स्वस्त होती, लहान होती, हे खरं, पन तिच्यावर ढकलून मी सुटनार नाई. इंजिनेर साहेबानं बी मले फसवलं नाई.

मोटार गोठ्यात हाये. तिच्यात कोंबड्या बसतात. वांगे आता गाडीनं नेतो, अन् वाटेत जो भेटन तो भोंग्याचा आवाज काढून हासते. हासू द्या. तुमच्या आईचा हात मोडला त्यापुढं हे काईच नाई. त्यायच्यासमोर उभं राहाची माही लायकी नाई, म्हनून येत नाई.

एकच पदर पसरतो. मले काय सजा द्याची ते द्या, मी नाई म्हननार नाई. पन बाईचं माहेर तोडू नोका. गुना माहा हाये, तिचा नाई.

पायाची धूळ समजून ठेवा, मंग तिथूनच झटकून टाकली तरी चालन.

आपला अपराधी
जगदेव

*

इंझोरी
भाद्रपद वद्य तृतीया

चि. जगदेव यास अनेक आशीर्वाद वि. वि.

हे पत्र मी यायले न सांगता लिहून राह्यली. तुहं पत्र यायनं जेवताना वाचलं. तेलाचं वाचून हे म्हनले, तुह्या भावाले तेल कुठं घालाचं अन् कुठं नाई हे बी समजत नाई. दीर हासले. माह्या हातात वरनाची पळी होती, ती तशीच राह्यली.

जगदेव, तू तेल घातलं नाईस. मी घातलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, सांजच्यानं, तू अन् रंगूबाई बैलायची खांदशेकनी करून राह्यले होते. पळसाच्या पानानं खांद्याले गरम तूप-हळद लावून तुमी बैलायले म्हनत होते, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आमच्या घरी यंदा सन नाई, म्हनून मी बाजूले उभी होती. हात नुसते शिवशिवत होते. मनात आलं, बैलायनं वर्षभर ओढलं म्हनून त्यायचा खांदा शेकतात, मंग या लेकरानं मले एका दिसात माहेरी आनलं, सासूले पायरी चढवली, त्याचा खांदा कोन शेकन? वाटीत तूप उरलं होतं. त्यात जवसाचं तेल टाकलं, गाडीच्या आखाले टाकतो तसं. मोटारीले खांदा नाई, म्हनून चाकामांगं तव्यावानी लोखंड हाये ना, त्याच्या फटीत ओतलं. चारी चाकाले. अन् तिले म्हनलं, आज आवतन घे.

मले वाटलं तिले बरं वाटन.

उतरनीवर तू पाय आपटून राह्यला होतास ते मी पाह्यलं, तरी मले समजलं नाई. आता समजलं. सासूबाईले रोज मी घास भरवतो. त्या तोंड उघडतात अन् मले धरनी जागा देत नाई. तोंडातून निघत नाई, जगदेव. निघालं त मोटारीपायी तुह्यावर रागावले तेवढे हे माह्यावर रागावतीन, का जास्त, हे बी माईत नाई. तू माह्यासाठी खोटं काहून लिहिलं? तुले माईत होतं का?

मी लहानपनी तुले कडेवर घेऊन फिरली, तेच आठवून राग धरू नोको.

तुही
प्रयागबाई

*

रिसोड
भाद्रपद वद्य दशमी

ती. सौ. प्रयागबाईस शि. सा. न. वि. वि.

हाव, माईत होतं. चाक खोललं त आत हळद. पट्ट्या अशा पिवळ्या झालत्या, जशी हळदीची नवरी. मिस्तरी हासाले लागला, इचारलं, हे कोनाच्या लग्नाचं? मी त्याले म्हनलं, चूप राह्य. रंगूबाई बैलापाशीच होती, म्हंजे दुसरं कोन असन? तुले लिहिलं नाई, कारन तूप लावनाऱ्या हाताले मी काय बोलू?

पन तुही चूक ऐकून मी मोठा मनाचा भाऊ बनून बसलो त मले खाल्लेलं पचनार नाई. तवा ऐक.

निघताना रिसोडच्या वेशीत मी ब्रेक दाबला होता. पाय खाली गेला अन् मोटार पुढंच गेली. तवाच समजलं होतं. पन वेशीत अर्धं गाव उभं होतं. सासूबाईनं पदर नीट घेतला होता. ज्या इहिनीले आपन बिनछताची गाडी दिली, ती माह्या मोटारीत बसून चालली, अन् मी तिले खाली उतरवून म्हनू का बैल जुंपतो? लाज वाटली, बाई. नुसती लाज वाटली, दुसरं काई नाई. हळूहळू नेऊ म्हनलं.

वाशीमले मिस्तरीच्या दुकानापुढून गेलो. सासूबाई म्हनल्या, बाजारात जराशी हळू घे, लोक पाहून राह्यले. मी हळू घेतली, थांबवली नाई. थांबलो असतो त तिथं आडत्या होता. नाल्याच्या तोंडाशी सुद्धा वाटलं, सगळ्यायले उतरवावं अन् मोटार एकटी न्यावी. समोरून हेमसिंग कडबा घेऊन येत होता. तो काय म्हनन?

बैलगाडीत असतो त उतरनीवर समदे उतरतातच. तिथं कोनी लाजत नाई. मोटारीतून उतराले मले लाज वाटली.

तुह्या तुपानं चाक सरकलं. पन तुमाले त्या उतरनीवर मी नेलं, समजून उमजून. आता हे पत्र भाऊजीले दाखव का फाडून टाक, तुही मर्जी. तुहं नाव सांगू नोको, माहं खुशाल सांग.

तू कडेवर घेतलं होतं तवाच टाकून दिलं असतं त बरं झालं असतं, असं वाटते. तरी माया ठेव.

जगदेव

*

इंझोरी
आश्विन शुद्ध चतुर्थी

चि. जगदेव यास अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र फाडलं नाई. दोन दिस कमरेले खोसून फिरली. काल सांजच्यानं ओसरीत समदे होते तवा यायच्या हाती दिलं अन् म्हनलं, मोठ्यानं वाचा. हळदीचं आलं तवा हे थांबले अन् माह्याकडं पाह्यलं. मी म्हनलं, वाचा, ते माहंच हाये.

वाचून झालं. दीर उठून गोठ्यात गेले. हे पत्राची घडी करून बसले, मंग पुन्हा उघडून वाशीमच्या बाजाराचं एकदा मनातल्या मनात वाचलं. ते सासूबाईनं पाह्यलं. त्या म्हनल्या, हाव, मीच म्हनलं होतं हळू घे. मले वाटलं होतं, बिनछताच्या गाडीत बसलेलं समद्यायनं पाह्यलं, त हे बी पाहावं.

मंग मी त्यायच्या मनगटाले हळदीचा लेप लावाले बसली. त्यायनं लेपाकडं पाह्यलं अन् म्हनल्या, "मोटारीले पडाच्या आधी लागली, मले पडल्यावर." अन् त्या हासल्या. मी रडली. यायनं कंदील लावाच्या निमतानं पाठ फिरवली.

आज सकाळी हे म्हनले, दिवाळीले जगदेवले म्हना गाडी आनाले हरकत नाई. एवढंच. राग गेला असं समजू नोको, दार मातर उघडलं. सासूबाईचा बी निरोप हाये. त्या येतात. छताचं त्यायनं काईच इचारलं नाई.

मी आता ओसरीतून जातो तवा दीर खाली पाहतात, अन् मी बी खाली पाहतो. ते राहनार काई दिस.

तवा गाडीच आन, मोटार कोंबड्यायले राहू दे. दोन मुक्काम लागले त लागले. अन् नाल्याशी आलं का गाडी थांबवून समद्यायले उतरवजो. सासूबाई कुरकुरल्या तरी, हेमसिंग समोरून आला तरी, तुले कितीबी लाज वाटली तरी.

वाट पाहून राह्यली.

तुही बहीन
प्रयागबाई