देवाच्या डोक्यावरून

अहो,

पत्रातसुद्धा तुमचं नाव घ्यायला मन धजत नाही, तेव्हा अहोच. लिहायला बसले कारण उद्या सकाळी आपली गौरी तुमचं विमान पंधरा हजार फुटांवर नेणार आहे. परवानगी आली, ऑक्सिजनचा सिलिंडर आला. आणि माझ्या जिभेवर तीच जुनी शपथ आली, जी मी तुम्हाला घातली होती.

आठवतंय? मंगळवार पेठेतल्या आपल्या वर्कशॉपात आठ वर्षं खपून तुम्ही ते दोन सीटचं विमान घडवलंत. गल्लीला वाटायचं, उसाची ट्रॉली करताय. पंखांवर कापड चढवलंत आणि ते ताठ बसावं म्हणून माझी घरातली इस्त्री मागितलीत. अख्खे पंख मी इस्त्री केले हो! त्यापेक्षा नऊवारी परवडली. आणि तिथंच माझ्या मनात आलं, ज्या कापडावर मी हातानं इस्त्री फिरवली, त्याच्या जिवावर नवरा आभाळात जाणार?

मग मी जोतिबाला पुढं केलं. देवाच्या डोक्यावरून उडू नये, डोंगरापेक्षा वर जायचं नाही, माझ्या गळ्याची शपथ!

तुम्ही ती पाळलीत. इंजिन मुद्दाम उंचीसाठी बांधलेलं, दहा हजार फुटांवरून सह्याद्री बघायचं वेड डोक्यात, तरी सहा वर्षं उसाच्या फडांवर घिरट्या घालून परत यायचात. दोस्त लोक चिडवायचे, ही कोंबडी उडून उडून किती उडणार म्हणून. तुम्ही नुसते हसायचात. एकदा तरी भांडायचं होतंत की माझ्याशी!

आणि शेवटी झालं काय? मी आभाळाकडं बघून काळजी करत राहिले आणि तुम्ही सोफ्यावर बसल्या जागी, चहाचा कप हातात धरून गेलात. शोभलं का हे तुम्हाला?

गौरीनं लायसन घेतलं आणि विमान वर न्यायचं म्हणाली. तेव्हा गेल्या महिन्यात मी जोतिबाला गेले, ती शपथ सोडव म्हणून सांगायला. पुजाऱ्यांना सगळं सांगितलं, तर ते हसायलाच लागले. म्हणाले, "मावशी, रोज विमानं जात्यात की वरनं. देवानं कधी तक्रार केली न्हाय."

मी खजील झाले. एवढी साधी गोष्ट तुमच्या ध्यानात आली नसेल? घरी येऊन गौरीला विचारलं. तिनंही तुम्हाला तेच विचारलं होतं म्हणे. तुम्ही तिला म्हणालात, "तुझ्या आईला देवाची भीती न्हाय, माझी काळजी हाय. तिला झोप लागाय पायजे. मी खालनंच उडतो की."

अहो, मला सांगायचं तरी!

मग रविवारी मी बसले त्या विमानात. हो, मी! स्वेटर, त्यावर शाल, कानात कापूस. दहा हजार फुटांवर गौरी म्हणाली, आई, आता खाली बघ. पन्हाळा, जोतिबा, रंकाळा, कळंब्याचं तळं, सगळं एका परातीत मावलं असतं. हवा विरळ, थंडी ही अशी, इंजिन आपलं दमानं चढत होतं आणि पंख जराही कुरकुरले नाहीत. इस्त्री चांगली झाली होती म्हणायची! मी हसत होते आणि हसता हसता रडूच फुटलं. ती जागा तुमची होती. माझ्या भीतीपायी ती तुम्हाला मिळाली नाही. मला माफ करा.

मघाशी गौरीनं विचारलं, आई, काही सांगायचंय का? मी नाही म्हटलं आणि तुम्हाला लिहायला बसले. आता वचन देते. तिला कसलीच शपथ घालणार नाही, देवाला मध्ये आणणार नाही. सकाळी तिच्यासमोर उभी राहून सरळ सांगेन, गौरे, मला फार भीती वाटतेय. तरी तू जा.

तुमचीच,
शालन