हजेरी डॉट आमचा सेक्शन डॉट इन

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.
आजपासून सर्वरचं काम. भाड्याने घेतलेला आहे, मी फक्त चालू करायचा. इन्शुरन्स कंपनीच्या कॉम्प्युटर सेक्शनची मी एकोणीस वर्षं प्रमुख होते. मला कोणी शिकवायची गरज नाही.
उद्देश स्पष्ट आहे. सेक्शनच्या आम्ही सहा जणी दर पहिल्या शनिवारी माझ्याकडे मुलुंडला जमायचो. मार्चपासून बंद. कारण अंतर. बोरिवली, चेंबूर, मनोरी, कुठून कुठून येणार? वेबसाइट झाली की प्रत्येकीला लॉगिन, जुने फोटो, गप्पा. अंतराचा प्रश्न मिटला.
दोन दिवसांचं काम.

त्याच दिवशी, ११.
सर्वर स्वतःचं नाव विचारतो. माझंच, ‘मालन’, टाइप केलं. नाकारलं. पूर्ण नाव हवं म्हणतो.
पवईला नोकरी करणाऱ्या भाचीला, श्रुतिकाला, फोन केला. माहीत होतं, खात्री करून घेतली. ती म्हणाली, मावशी, तीन भाग लागतात. आधी मशीनचं नाव, मग आपल्या साइटचं, मग डॉट इन. बरोबरच आहे. आमच्याकडे नुसत्या नावाने सही केलेला अर्ज मीही परत पाठवायचे.

४ नोव्हेंबर.
साइटचं नाव ‘आमचा सेक्शन डॉट इन’. सर्वरलाही तेच दिलं. श्रुतिका म्हणाली, अगं असं नाही करायचं, मशीनचं नाव साइटपेक्षा वेगळं हवं, नाहीतर मेलचा घोळ होतो. हे तिने कालच सांगायला हवं होतं.

६ नोव्हेंबर.
नावांची यादी: मुख्यालय, शिस्त, केंद्र, प्रगती. ‘प्रगती’ खोडलं. आमच्या शेजारच्या सोसायटीचं नाव आहे, आणि तिथली लिफ्ट बंद असते.
एकटीने ठरवणं योग्य नाही. पाचही जणींना मेसेज केला, सूचना रविवारी दुपारी बारापर्यंत कळवाव्यात.

९ नोव्हेंबर, रविवार.
बारापर्यंत सूचना शून्य. सव्वाबाराला मनोरीहून ल्युसीचा फोन. तेवीस वर्षं शेजारचं टेबल. म्हणाली, काय एवढं गं त्यात, ‘टी-ब्रेक’ ठेव ना, झकास वाटेल. मी सांगितलं, मुदत बाराची होती आणि सर्वरचं नाव गंभीर हवं. ती हसली. मग म्हणाली, मालन, तू ना अजून हजेरीपट मांडीवर घेऊन बसलीयेस. रिटायर हो गं बाई. मी म्हटलं, म्हणूनच सेक्शन चालला. त्यावर ती म्हणाली, मार्चमध्ये आपल्यातली डेल्फिन वीस मिनिटं उशिरा आली तर तू तिला दारात घड्याळ दाखवलंस, आठवतं? मग कोण येणार तुझ्याकडे?
विषय सर्वरचा होता. फोन मी ठेवला.

१२ नोव्हेंबर.
ल्युसीचा फोन नाही. वाट बघत नाही. मोबाइल स्वयंपाकघरात नेते तो वेळ बघायला.
नाव ठरलं: हजेरी. हजेरी डॉट आमचा सेक्शन डॉट इन. सर्वरने पहिल्या झटक्यात घेतलं. टोमण्यातूनही काम काढून घेणं याला प्रशासन म्हणतात.

१४ नोव्हेंबर.
लॉगिन आणि सोळा अक्षरी पासवर्ड पाचही जणींना पाठवले. कोणी आलं नाही. श्रुतिकाने सांगितलं की नवीन नाव जगभर पोचायला अठ्ठेचाळीस तासही लागू शकतात. तेच कारण.

१७ नोव्हेंबर.
बहात्तर तास झाले. मनोरीला जेट्टीवरून बोटीने जावं लागतं. नावालाही वेळ लागत असेल.
उद्घाटन शनिवारी, २२ तारखेला, संध्याकाळी पाचला जाहीर केलं. पाच म्हणजे पाच.

१९ नोव्हेंबर.
सुरक्षेचं काम पूर्ण. आमच्या ऑफिसचाच नियम लावला. तीन लेट मार्क झाले की एक रजा कापायची. इथे पासवर्ड तीनदा चुकला की प्रवेश बंद, मी उघडेपर्यंत. श्रुतिका म्हणाली, मावशी, मैत्रिणींसाठी जरा जास्त होतंय. तिला ऑफिस चालवायचा अनुभव नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार. ४.३०.
स्वागताचा मजकूर तयार. साडी बदलली. स्क्रीनवर कोणी बघणार नाही, हे माहीत आहे.

६.३०.
गप्पांच्या पानावर मी एकटी. ‘सर्वांचं स्वागत’ लिहिलं. सहाला पुन्हा लिहिलं. सव्वासहाला श्रुतिका फोनवर म्हणाली, मावशी, लॉग आउट करून चहा घे.

२३ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ८.
श्रुतिकाने कोण आलं ते बघायची यादी शिकवली. कालपासून चारशे सतरा प्रयत्न! दोन मिनिटं फार बरं वाटलं. ती म्हणाली, ती माणसं नाहीत गं, पासवर्ड शोधत फिरणारी मशीनं आहेत, सगळ्यांच्या सर्वरवर येतात.
तरी यादी शेवटपर्यंत वाचली. सवय आहे.
ल्युसी. ५ वाजता, चूक. ५.०२, चूक. ५.०३, चूक. प्रवेश बंद.
पाचच्या ठोक्याला आली होती. आयुष्यात पहिल्यांदा.
तिचं नाव उघडायला एक बटण दाबावं लागतं. मघापासून त्यावर बोट ठेवून आहे. पण नियम मीच केला आहे. एकीसाठी मोडला तर बाकीच्या चौघी काय म्हणतील?