फुलगोबीचा पिझ्झा अन् माझा उजवा डोळा

१२ नोव्हें., बुधवार

आज कळंबला जाऊन आले. एसटीत खिडकी मिळाली, पण दिसतंय कुठं, सगळं ताकातून बघितल्यावानी. डोळ्याच्या डॉक्टरनं बॅटरी मारून बघितलं. म्हणले, "आजी, उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकलाय, डावाबी धूसर हाय. पण साखर उपाशीपोटी दोनशे साठ. दीडशेच्या आत आल्याबिगर मी हात लावणार न्हाय."

तिथून साखरेच्या मॅडमकडं. काय काय खाता, विचारल्या. म्या म्हणलं, काय खाते बाई, काईच न्हाय. सून मनीषा शेजारी बसली होती, ती फिसकन हसली. मॅडम म्हणल्या, "मग जे काही खात न्हाय, ते रोज वहीत लिहून आणा."

म्हणून ही वही. नातीची आहे, तनूची. पुढून तिचं विज्ञान, पाठीमागून माझं जेवण. चवथी पास आहे मी. अक्षर मोठं काढते, एका पानात सात ओळी बसतात.

१३ नोव्हें.

स. – चहा बिनसाखरेचा. जहर.
दु. – ज्वारीची भाकर दीड (आता पुढं नुसतं भा. लिहीन), मेथी, जवसाची चटणी.
रा. – भा. एक, वरण. अर्धा पेढा.

पेढा लिहायचा का न लिहायचा, लई विचार केला. लिहिला. माझं माहेर ईट गाव. तिथं घरोघर खव्याची भट्टी. भाऊ आला की पेढे आणतो, मी काय करू.

१४ नोव्हें.

डोळा कशाला पाहिजे ते लिहून ठेवते, म्हणजे पेढ्यापाशी गेले की वाचीन.

तनू नववीत आहे अन् खो-खो खेळती. गेल्या महिन्यात शाळेच्या मैदानावर सामना होता. मी पहिल्या रांगेत. समोर नुसते लाल ठिपके पळायलेत. एक ठिपका खांबापाशी वळला अन् धाडकन पडला, म्या जोरजोरात टाळ्या वाजवल्या. सगळं मैदान गप, मी एकटी वाजवायले. ती तनूच होती. बाद झाली होती.

घरी आल्यावर म्हणली, "आज्जी, तू कुणाच्या बाजूनं हायेस गं?" हसून म्हणली, पण मला लागलं. आता तिची जिल्ह्याच्या संघात निवड झाली. जानेवारीत धाराशिवला सामने. ते मला बघायचेत. ठिपका न्हाय, तनू बघायचीय.

१६ नोव्हें., रवि.

मनीषानं रातची भाकर बंद केली. वरण अन् काकडी. पोटात कावळे, अन् मग जीव पेढ्यावर जातो.

तनू म्हणली, आज्जी, तुला पिझ्झा खायचाय का? म्या म्हणलं चेष्टा करू नको. दोन वर्सांमागं लेकानं लातूरला खाऊ घातला होता. काय ते चीज, ओढलं की हातभर लांब! आपला खवाच, पण हट्टी. आमचे मालक दोन घासांत उठले, "ही कच्ची भाकर हाय" म्हणून. म्या त्यांचाबी खाल्ला.

तनूनं फोनवर दाखवलं. मैदा न्हायच त्यात. फुलगोबी किसायची, अंडं घालून थापायची, वर टमाटा-कांदा-ढोबळी मिरची अन् जरासंच चीज. पोटबी भरतं अन् साखर चढत न्हाय म्हणे.

केला. तव्यावर टाकला. उलटायला गेलो तर तुकडे तुकडे. मालक पाटावर बसून बघायले होते. "चिवडा छान झालाय. शेंगदाणे घाला." चमच्यानं खाल्ला सगळ्यांनी.

१९ नोव्हें.

जमला! तनू शाळेत, मनीषा रानात, म्या एकटीनं केला. तव्यावरून अख्खा उठला, चंद्रावानी गोल. जरासं पीठ लावलं ज्वारीचं, एवढुसं, हाताला चिकटू नये म्हणून. पन्नास वर्सं थापायलाव, हाताला कळतं की.

रा. – गोबीचा पिझ्झा दोन. भा. न्हाय! पेढा न्हाय!

मालक म्हणले, "आज जरा मानसाच्या खाण्यावानी लागतंय."

२४ नोव्हें.

रोज रा. गोबी दोन. पोट भरतंय. झोप गाढ. मार्गशीर्ष लागला, घरात अंडं बंद, पण माझं बिनअंड्याचंबी उठतंय. तनूला लई नवल. "आज्जी, तू तर त्या फोनवालीच्या पुढं गेलीस." म्या म्हणलं ती फोनवाली भाकरी कुठं थापती.

भाऊ येऊन गेला. पेढ्याचा पुडा देवापुढं ठेवला अन् गल्लीत वाटून टाकला. एकबी खाल्ला न्हाय. वास घेतला. वास लिहायचा असतो का, मॅडमला विचारायचं.

२८ नोव्हें., शुक्र.

कळंब. दोनशे पंचावन्न.

एवढं करून पाच उतरली. मॅडमनी वही पहिल्यापासून वाचली, बोट लावून. म्हणल्या, "आजी, वहीप्रमाणं बघितलं तर साखर उतरायला पाहिजे. वही एक बोलती अन् रक्त दुसरंच बोलतंय." गोळी बदलून दिली.

घरी आल्यावर मनीषा म्हणली, "आत्या, खरं सांगा, ईटच्या मामांनी आणलेले पेढे कुठंयत?"

"वाटले."

"सगळे?"

त्या 'सगळे'नं माझा जीव जळाला. एकतीस वर्सं ह्या घरात सासूचं ऐकलं, आता सुनेचं. म्या म्हणलं देवाशप्पथ एकबी खाल्ला न्हाय. जेवले न्हाय.

वही फाडणार होते. पण मधी तनूचं विज्ञान हाय.

२९ नोव्हें., शनि.

चोर सापडला. माझाच हात.

तनूची सकाळची शाळा. आली अन् म्हणली, आज्जी, आज मी बसून बघते, तू कर. म्या गोबी किसली, मीठ लावलं, पाणी सुटलं. पाणी टाकायला जीव होईना, मीठ-गोबीचं पाणी, किती चवीचं, त्यातच भिजवायला घेतलं. चिकटायलं तसं पिठाच्या डब्यात हात. परत चिकटलं, परत हात. माझं तोंड चालू होतं, तिच्या मैत्रिणीचं काहीतरी.

"आज्जी, किती पीठ घातलंस?"

"एवढुसं."

"सात मुठी. मी मोजल्या."

मला खोटंच वाटलं. डब्यात बघते तर खड्डा. बया! म्हणजे दहा दिवस रोज मी दोन जाडजूड भाकरीच खायले होते, गोबी लावून. दुपारची ती वेगळी. मालक उगाच न्हाय म्हणले मानसाचं खाणं.

आधी लाज वाटली, मग हसू फुटलं. तनू तर लोळायली. मनीषा रानातून आली, तिला सांगितलं. ती हसली न्हाय. माझा पिठाचा हात धरून म्हणली, "आत्या, चुकले मी." मी म्हणलं, चुकला तर हा. सात ठिकाणी.

मागची पानं काढून जिथं जिथं गोबी लिहिलंय तिथं बाजूला लिहिलं – पीठ ७ मुठी. खरं असावं.

१ डिसें.

पिठाचा डबा मनीषानं वरच्या फळीवर ठेवला. म्या हात वर करून बघितलं, पोचत न्हाय. मुद्दाम केलंय तिनं. बरं केलंय.

पण पीठ न्हाय, अंडं न्हाय, मग गोबी धरून ठेवणार कोण? आजचा परत चिवडा. मालकांनी शेंगदाणे पुढं केले.

३ डिसें.

दुपारी अंग टाकलं अन् माझी माय आठवली. लहानपणी पाठीवर गळू झालं की जवस वाटून, गरम करून त्याचं पोटीस बांधायची. ते असं चिकटायचं की काढताना कातडं ओरडायचं. म्या उठूनच बसले. जवस! घरात डबा भरून हाय, रोज चटणी खातो.

दोन चमचे जवस कुटून पाण्यात भिजवले. घडीभरात बुळबुळीत, अंड्याच्या पांढऱ्यावानी. मालकांना दाखवलं. म्हणले, "आता गळवाचं औषध खायचं व्हय!"

४ डिसें.

पिळायचं काम माझं. मनीषानं किसलेली गोबी पंच्यात बांधून पिळली, फुलपात्रभर पाणी निघालं. म्हणली, झालं. म्या घेतली. भाकरी थापून थापून मनगटं अशी झालीत की मला उतारवयात पहिल्यांदा त्यांचा गर्व वाटला. अजून एक फुलपात्र काढलं. तनू म्हणली, आज्जीला खो-खोत घ्या. पाणी आमटीत घातलं, टाकलं न्हाय.

मग जवस, एक चमचा बेसन (तनूनं चमचा स्वतः सपाट केला), जिरं, मिरची. ओल्या फडक्यावर थापलं, थालिपिठावानी. झाकण ठेवून बारीक गॅस. लवकर उलटायचं न्हाय, तिथंच चुकत होतो. कडा सुटून तांबूस झाल्या की ताटलीनं पलटी.

अख्खा उठला. पीठ न्हाय, अन् अख्खा!

वर लसूण-टमाट्याची चटणी, कांदा, ढोबळी मिरची, चीज एक वडी किसून, तीबी दोघींत. ओढलं की बोटभर लांब होतं. हातभर न्हाय, बोटभर. तेवढं पुरं.

मनीषानं एक घास खाल्ला. मग स्वतःसाठी दुसरा टाकायला सांगितला.

१२ डिसें.

स. चालणं, मारुतीच्या देवळापर्यंत अन् परत. दु. भा. एक. रा. गोबी एक, बेसन १ चमचा. जवस सुरू केल्यापासून पोट साफ. हे मॅडमला दाखवायचं का, पण त्यांनीच म्हणलंय सगळं लिहा.

कंबरेचा आकडा (लुगड्याचा, आमचा हिशोब निऱ्यांवर) – एक निरी वाढली, म्हणजे कंबर तेवढी आत गेली.

१९ डिसें., शुक्र. येळवस (येळ अमावस्या)

सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी केली, पूजा केली, पाहुणेरावळे. सगळ्या भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, आंबील, खीर. वर्षातून एकदा येती अन् नेमकी माझ्या साखरेच्या वर्षी.

मी गोबीचं पीठ, म्हणजे बिनपिठाचं पीठ, डब्यात नेलं होतं. चुलीवर थापलं. जाळाचा वास लागला की त्याची चव, काय सांगू. बाया जमल्या. "काकू, हे काय हो?" पिझ्झा म्हणलं तर हसायल्या. मग खायला लागल्या. मालक मधी उभं राहून सांगायले, "ह्यात पिठाचा कण न्हाय. जवस लागतो. पिळायची हिकमत हाय." जसं काय त्यांनीच पिळलंय.

मला उरलाच न्हाय. भज्जी खाल्ली. उंडा एक. आंबील दोन वाट्या. खीर... तीन चमचे. लिहिलं.

२९ डिसें.

एकशे बहात्तर!

मॅडमनी खीर वाचली अन् हसल्या. "हे लिहिलंत म्हणून माझा बाकीच्यावरबी विश्वास." पिझ्झा कसा करायचा ते त्यांनी चिठ्ठीच्या पाठीवर लिहून घेतलं. शिकलेल्या बाईनं माझं सांगणं लिहून घेतलं. म्या सावकाश सांगितलं, मास्तरवानी.

अजून बावीस उतरायला पाहिजे. सामने चोवीस जानेवारीला.

५ जाने.

मालकांनी रात्री भाकर मागितली न्हाय. म्हणले, "ते तुमचं गळवाचं एक टाका मला."

९ जाने., शुक्र.

एकशे अट्ठेचाळीस. दोनदा विचारलं. अट्ठेचाळीसच.

डोळ्याचे डॉक्टर म्हणले, मंगळवारी या. सकाळी परत तपासू, दीडशेच्या आत असली तर लगेच करू. म्या सामन्याचं विचारलं. "धूळ चालणार न्हाय. लांब बसायचं, काळा चष्मा काढायचा न्हाय. अन् अकरा दिवसांत किती दिसंल ते मी आज सांगत न्हाय."

सांगत न्हाय म्हणले. दिसणार न्हाय असं म्हणले न्हाय.

१२ जाने., सोम., दिवेलागण

पिशवी भरली. टॉवेल, गोळ्या, वही. मनीषा बरोबर येणार. उद्याची गोबी पिळून ठेवली, मालकांसाठी. ते म्हणले, मी करून घेतो. शेंगदाणे हाताशी ठेवून जाते.

भाऊ आला होता, नीट पार पडू दे म्हणून देवाला पेढे घेऊन. पुडा देवापुढंच आहे. उद्या सकाळपर्यंत मी तिकडं जाणार न्हाय.

दीडशेला दोनच कमी. रात्रीत दोन चढायला काय लागतं. तरी हसूच यायलंय सारखं.

तनू संघाचा नवा शर्ट घालून आली. जवळ येऊन उभी राहिली, नाकापाशी, तरी मला नुसता लाल रंगच दिसला.

"आज्जी, पाठीवर माझा नंबर हाय. सांगू का? म्हणजे तुला वळखू येईल."

"सांगू नको," म्हणलं. "मी बघून वळखीन."

रा. – गोबी एक. बेसन १ चमचा. पेढा न्हाय. वास घेतला.