लंडनला निघालेलं आईचं चण्याचं सूप

सेत्तिन्यानो, मंगळवार

ती. आर्जाताईस,

झायराचा वाकून नमस्कार (चिठ्ठीतूनच, प्रत्यक्ष वाकले तर उठवायला दोघं लागतात). तुझी कंबर, भावोजींचा खोकला आणि तुमची ती मारकी बकरी, सगळं ठीक असेलच. सहा वर्षांत पत्र नाही म्हणून रागावू नकोस. रागावलेली तर तू आधीपासूनच आहेस.

आमच्या इंग्रज बाईसाहेब आपल्या इटलीतल्या स्वयंपाकाचं पुस्तक लिहितायत, तिकडच्या बायकांसाठी. (तिकडे म्हणे भाजीचा रंग जाईपर्यंत ती उकळतात. देव त्यांचं भलं करो.) त्यात आईचं चण्याचं सूप घालायचं ठरलंय, वर आईचं नाव छापून: एर्सिलिया. आपल्या आईला सही येत नव्हती ताई, आणि तिचं नाव लंडनमध्ये छापणार! शनिवारी कागद टपालात पडायचे आहेत.

पण बाई मापाशिवाय हलत नाहीत. मी मिठाची मूठ उचलली की तराजू घेऊन मुठीखाली उभ्या. "झायरा, किती?" "लागेल तेवढं." "म्हणजे किती?" "अहो, कमी पडलं की कळतं!" त्यांनी तेही वहीत उतरवलं.

मग आला सुपात घालायचा पास्ता. किती वेळ शिजवायचा? म्हटलं, तीन नमो मारिया म्हणून होईपर्यंत. बाई पडल्या दुसऱ्या पंथाच्या, त्यांना ती प्रार्थना कुठली येणार? घड्याळ काढून म्हणाल्या, "तू म्हण, मी मोजते." मी सुरुवात केली. दुपार कलली होती, खिडकीबाहेर ऑलिव्हची पानं उगाच हलत होती, पातेल्यातून वाफ येत होती, आणि तिसऱ्या खेपेला "आमच्या मरणाच्या घटकेला" इथं मी जी अडकले ती अडकलेच. वाफेत आई दिसली, बाह्या वर सारून चणे उपसताना. तिच्या शेजारी तू. मी कुठेच नव्हते, कारण मला अकराव्या वर्षीच इथे चाकरीला धाडलं होतं. तरी इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू! भानावर येऊन "आमेन" म्हटलं तोवर पास्त्याची खळ झाली होती, आणि बाईंनी लिहून ठेवलं होतं: एकोणीस मिनिटं. त्यांचा घड्याळावर एवढा विश्वास की ती खळ चमच्याने संपवून "अप्रतिम" म्हणाल्या. आता अख्खं इंग्लंड एकोणीस मिनिटं शिजवणार. मी काय बोलू?

बाकी क्षेम. भावोजींना माझा नमस्कार सांग.

तुझी धाकटी,
झायरा

ता. क. आईच्या सुपात चण्यांबरोबर काय पडायचं गं? मी बाईंना लसूण आणि रोजमेरी सांगितली, पण ती चव येत नाही. आई गेल्यावर तिच्या तांब्याच्या पातेल्यावरून मी नाही नाही ते बोलले, ते माझं चुकलं. पातेलं तूच ठेव. पण शनिवारच्या आत कळव, नाहीतर आईच्या नावावर माझं सूप छापलं जाईल.

पुन्हा ता. क. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? कागद कालच गेले. लंडनवाले आता माझंच सूप पिणार. तेव्हा तू काही लिहून पाठवू नकोस, ताई. चणे भिजत घाल. रविवारी मीच येते जेवायला.