कानांची परीक्षा

९ मार्च, रविवार

उशीर झाला. फार उशीर. चतुर्थीनंतर या वहीला हात लावला नाही, त्याची माफी मागतो. मुलगी, सुविधा, चीनला गेली त्या दिवशी दोन ओळी लिहायला बसलो होतो, तेही जमलं नाही. आता लिहितो, कारण घरात ज्याच्यापुढे बोलावं असं कोणी नाही. कमलाक्षीपुढे बोललो की ती म्हणते, “एका जाग्यार बसा बगू!” बायको आहे, तिला माझी चुळबूळ आयुष्यभर पुरली.

गोष्ट अशी. आमची सुविधा तिथे एका मोठ्या शाळेत इंग्रजी शिकवते. अकरावी-बारावीची पोरं. डिचोलीत इतकी वर्षं शिकवलं, दर जूनला नवा हंगामी कागद, कायम कधीच नाही. तिथे निदान धड नोकरी. पण तीही एका वर्षाचीच. याच महिन्यात तिच्या वर्गाची परीक्षा आहे. दोन भाग — एक इंग्रजी वाचून उत्तरं लिहायची, दुसरा इंग्रजी ऐकून. वर्ग बरा निघाला तर तिचा करार पुढे दोन वर्षं. नाही निघाला तर जुलैत घरी.

सगळ्यांपुढे मी म्हणतो, पोरं चांगली निघू देत.

आत काय म्हणतो ते आज लिहीत नाही.

११ मार्च

सुविधाचा बोलून पाठवलेला निरोप आला. तिथे आपलं व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही, ती कुठल्यातरी चोरवाटेने पाठवते. कधी येतं, कधी चार-चार दिवस नाही. माझा पुतण्या रुद्रेश मोपाला विमानतळावर सामान चढवायच्या कामाला आहे. ड्युटीवरून येताना तो आमच्याकडे वाकडी वाट करतो आणि लावून ऐकवतो.

“बाबा, वाचायला ही पोरं वाघ आहेत. एवढाले धडे, शब्दन् शब्द पाठ. पण ऐकायला बसली की थिजतात. कागदावरचं इंग्रजी त्यांचं आहे, हवेतलं नाही.”

कमलाक्षीने एकच विचारलं — “जेवता मगे ती?” ते रुद्रेशने उलट पाठवलं. उत्तर नाही.

१३ मार्च

देवळापुढच्या मांडावर शिगम्याचे, होळीचे ढोल. गेलो नाही. शेजारची सरस्वती कुंपणावरून ओरडली, “बाबलीभाऊ, औंदा रुसल्यात?” म्हटलं, गुडघा. गुडघ्याला काही झालेलं नाही.

१७ मार्च, सोमवार

आज एक काम केलं. लिहायलाच हवं.

काजूचे बोंडू वेचायला डोंगरावर जातो सांगून निघालो. पाटी घेतली, आकडी घेतली. आणि वळलो सातेरीच्या देवळाकडे. भट एकटाच होता, समया पुसत. म्हटलं, कौल लावायचा आहे.

त्याने ओल्या पाकळ्या देवीच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. “गाराणं काय घालू?”

“मुलगी घरी येऊ दे.”

भट थांबला. “परीक्षेत यश येऊ दे, असं न्हय?”

“घरी येऊ दे. एवढंच.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग देवीकडे. मोठ्या आवाजात गाराणं घातलं. आम्ही दोघं बसलो. एक पाकळी हलते असं वाटायचं, हलायची नाही. मग उजवी पडली. टपकन!

पायऱ्या कशा उतरलो कळलं नाही. वहाळावरच्या साकवावर, त्या छोट्या पुलावर आलो आणि पाय थांबले. ती घरी येणार म्हणजे कशी येणार? पोरं नापास झाली तर! म्हणजे मी काय मागून आलो?

बोंडू वेचले नाहीत. पाटी रिकामी. कमलाक्षीला म्हटलं, माकडांनी खाल्ले. तिचा विश्वास बसलेला नाही.

१९ मार्च

आज तिथे परीक्षा. त्यांचं घड्याळ आपल्या पुढे. मी चहा प्यालो तोवर निम्मी झालीसुद्धा असेल. चहा कडू लागला.

२० मार्च

काही नाही. फोन दहादा उघडला. रुद्रेशला दोनदा फोन लावला. तो म्हणाला, “काका, निकाल काय विमानातून पडतलो? लागलो की कळतलो.” मागे कोणीतरी हसलं.

त्या सगळ्यांना आपली मजा.

२२ मार्च, शनिवार

आला.

वाचनात तिचा वर्ग पहिला. ऐकण्यात शेवटचा. अगदी शेवटचा.

सुविधाचा आवाज सपाट. लहानपणी ताप आला की असा व्हायचा. “बाबा, मोठ्या हॉलात बसवलं होतं. छतातल्या स्पीकरमधून इंग्रजी येतं, काही प्रश्न तर एकदाच. मागच्या रांगांना नुसती खरखर ऐकू गेली. पण कोणी हात वर केला नाही. इथे परीक्षेत कोणी उठून बोलत नाही. एका मुलीने पूर्ण पान कोरं दिलं. तिला विचारलं का गं, तर मलाच सॉरी म्हणाली. असो. जुलैत येते. माझी खोली झाडून ठेवा.”

कमलाक्षी रडली. आधी मला वाटलं आनंदाने. तसं नव्हतं.

मी उठून सुविधाच्या खोलीचं जनेल उघडलं, वारा आत घेतला. पलंगावरची काजूची पोती बाहेर काढली. जाळी झाडली. मागितलं होतं तेच मिळालं की! मग हातातला झाडू जड का झाला?

२४ मार्च

कमलाक्षीला कळलं. भटाच्या बायकोने पोदेराकडे पाव घेताना सांगितलं — तेही अभिनंदन म्हणून! “उजवो कौल जालो म्हणे, चेडू येता घरा!”

घरी आली, पावाची पिशवी मेजावर ठेवली. ओरडेल म्हणून मी तयार होतो. ती ओरडली नाही. हळू बोलली, तेच वाईट.

“देवाक सांगून पोटच्या पोरीची नोकरी घालयली तुमी.”

म्हटलं, मी नोकरीचं काही बोललो नाही. मी फक्त घरी येऊ दे म्हटलं.

“घरी येवन काय करतली ती? तुमचे बोंडू वेचतली? डिचोलीक परत हंगामी जातली?”

“कौलाने परीक्षा बिघडत नाही. स्पीकर बिघडला होता.”

“मगे कौल घेवंक कित्याक गेल्लात?”

पाव तसेच राहिले, कडक झाले.

२५ मार्च

परत भटाकडे. म्हटलं, ते गाराणं मागे घे. नवा कौल लाव.

भट समया तशाच ठेवून हसला. “बाबली, देवी म्हणजे काय पंचायत? सोमवारी अर्ज, मंगळवारी रद्द?”

“चूक झाली माझी.”

“मग चूक माणसांनी दुरुस्त करूची. तिका कित्याक मधे घालता? तिणें विचारलेल्याची जाप दिली.” मग जरा मऊ झाला. नारळ हातात ठेवला. “घरा जा. उन्हातान्हात हिंडू नको.”

येताना साकवावर मुद्दाम थांबलो नाही. तरी पाय थांबलेच.

२७ मार्च

आज रुद्रेशला म्हटलं, ती परीक्षा कसली असते ते मला ऐकव. त्याने सुविधाकडून मागवून घेतली, तिने सरावाची एक पाठवली. चोरवाट आज उघडी होती.

व्हरांड्यात बसलो. पहिल्या बोलण्यात एक बाई आणि एक बाप्या. मला ‘गुड मॉर्निंग’ कळलं. पुढे ‘मनी’ का ‘मंडे’, काहीतरी. तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं आणि बोलणं संपलंसुद्धा!

“परत लाव.”

“परत ना, काका. हें एकदाच. आता उत्तर बरय.” त्याने कागद-पेन पुढे केलं.

“अरे पण विमान गेलं!”

“थंय कोणाक सांगतले?” तो हसत होता. मी नव्हतो हसत.

कारण मला पोर्तुगीज शाळा आठवली. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. परीक्षेत मास्तर पोर्तुगीज वाचायचा आणि आम्ही ऐकून लिहायचं. घरी कोणाला पोर्तुगीज येत नव्हतं, माझं होतं तेवढं पुस्तकातलं. मला दाराजवळ बसवलं होतं. बाहेर कोणीतरी बैल हाकत होता, नुसतं हॅक-हॅक. मास्तराचं तोंड भिंतीकडे. मला एक वाक्य आलं, मग काहीच नाही. ‘ऐकू आलं नाही’ एवढं सांगायचं होतं. ते पोर्तुगीजमध्ये कसं सांगतात ते मला शिकवलंच नव्हतं! कागद कोरा दिला. बापूंनी, माझ्या वडिलांनी, मास्तराला विचारलं, मास्तर म्हणाला, पोराच्या डोक्यात काही शिरत नाही. बापूंनी ते खरं मानलं. पुढे शाळा नाही. मीही खरंच मानत आलो.

डोकं होतं. ऐकू आलं नव्हतं!

ती चीनमधली मुलगी. कोरं पान देऊन वर सॉरी म्हणणारी. आता तिच्या घरी तिचा बाप काय म्हणत असेल?

दुपारी जेवलो नाही. कमलाक्षीने ताट झाकून ठेवलं आणि पंखा माझ्याकडे वळवून गेली.

२९ मार्च, शनिवार

सुविधाचा सरळ फोन आला. चेहऱ्यासकट. बारीक झाली आहे.

म्हणाली, एक वाट आहे. हॉलात आवाज नीट पोचत नव्हता असं तिने लिहून दिलं तर ऐकण्याची परीक्षा पुन्हा घेता येईल, छोट्या वर्गात. पण ते लिहून देणं म्हणजे शाळेची चूक काढणं. मुख्याध्यापकांना रुचणार नाही. बरोबरची तिथली बाई म्हणते, लिहू नको, मुकाट्याने जा, तुला दुसरीकडे चालेल असं चांगलं शिफारसपत्र देतील. आणि लिहून देऊन पोरं पुन्हा पडली तर नोकरीही नाही, शिफारसही नाही. हात हलवत परत.

“मग तुला काय वाटतं?” मी विचारलं.

“मला भीती वाटते, बाबा. खरं सांगू? तू ये म्हणालास तर मी येते. सोमवारपर्यंत सांगायचंय त्यांना. तू सांग.”

मी तोंड उघडलं. ‘ये’ हा शब्द जिभेवर होता, अगदी इथे. तेवढ्यात पडद्यावरचा चेहरा थिजला आणि आवाज तुटला. किती वेळ तिच्या थिजलेल्या चेहऱ्याकडे पाहत बसलो.

कमलाक्षी मागे उभी होती. सगळं ऐकलं तिने.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. काठी दोनदा कलली. रुद्रेश आला, नमस्कार केला, ड्युटी म्हणून लगेच गेला.

कमलाक्षीने चण्याच्या डाळीचं गोड मणगणें केलं. सुविधाला आवडतं म्हणून दर वर्षी जास्त करते, औंदाही जास्तच केलं. वाटी माझ्यापुढे ठेवून बसली.

“तिका काय सांगतल्यात?”

“तू सांग.”

“तिणें तुमका विचारलां. माका न्हय.”

“तुला ती घरी नको का?”

तिने पदराने वाटीची कड पुसली. स्वच्छ होती तरी पुसली. “माका ती रोज होयी. सकाळी उठल्यार होयी. म्हणून काय झालां?”

मग उठून गेली. मी सुविधाच्या खोलीत जाऊन बसलो. झाडलेली, स्वच्छ खोली. आज ये म्हटलं तर जुलैत ती या पलंगावर असेल. सकाळी चहा कोण करतं यावरून आईशी भांडेल. संध्याकाळी माझ्या औषधांवरून मला रागवेल. हे सगळं एका शब्दावर! आणि मग रोज मी तिच्या तोंडाकडे पाहीन, आणि ती न लिहिलेला तो कागद आठवत चहा पिईल.

बसवेना. उठवेना.

३१ मार्च, सोमवार

सकाळी रुद्रेशने बटण दाबून धरलं आणि मी बोललो. बाय, येऊ नको. पोरांना ऐकू गेलं नव्हतं ते लिहून दे. हात हलवत आलीस तरी घर तुझंच आहे, पण लिहून दे. त्या मुलीला सांग, तिचं डोकं चांगलं आहे. आणि मी सातेरीला काय मागितलं होतं तेही सांगितलं, सगळं. रुद्रेश माझ्याकडे बघतच राहिला.

दुपार झाली. अजून एकच टिक. बाय, शिव्या दे हवं तर, पण लवकर काहीतरी कळव.