उलटी फुलं आणि बाहीचा जोड

आबा, आज दुकानात एक बाही कापली आणि तेव्हापासून मनातल्या मनात तुमच्याशी भांडतोय. रुवीतलं आमचं दुकान ओमानी पुरुषांच्या पांढऱ्या डिशदाशा, म्हणजे पायघोळ अंगरखे, शिवणारं. तिथे एक इंग्रज बाई आली. दोनशे वर्षांपूर्वी तिच्या देशातल्या बायका घालत तसा, छातीखालीच कंबर असलेला पायघोळ झगा तिला हवा होता. तसे कपडे घालून नाचायला तिकडे मंडळी जमतात, आणि आजारी आईला घेऊन तिला एकदा तिथे जायचंय. कापड तिचंच, जुन्या नमुन्यावरून नव्याने छापलेलं सुती. साईच्या रंगावर बारीक तांबडी फुलं, प्रत्येकाचा देठ खाली. आता हे छापत नाहीत, तुकडा एवढाच, असं तिने बजावलं होतं.

मी कागदी नमुने मांडले ते तुम्ही शिकवलेत तसे, एक सुलटा, त्याला खेटून एक उलटा, बोटभर कापड वाया न घालवता. सगळं बसलं. कात्री कपाळाला लावली, देवाचं नाव घेतलं, आणि नजर फुलांवर गेली. पाठीची सगळी फुलं डोक्यावर उभी राहणार होती. सगळे नमुने सुलटे मांडले, तर एका बाहीला कापड पुरेना. आमचा अर्बाब, म्हणजे दुकानाचा मालक, वैतागला. "यल्ला, चल, काप. पाठीवरची फुलं तिला कुठे दिसणार? विचारलंस तर कापड उचलून जाईल." उरलेल्या तुकड्याचा जोड द्यावा, तर तुम्ही आठवता. आपल्या पडवीत मास्तरीणबाईंच्या पोलक्याला मी काखेत जोड दिला होता. तुम्ही तो त्यांच्यासमोरच उसवलात आणि आवाज न चढवता विचारलंत, "जोड दिलास? मग कापताना डोळे कुठे होते?" बाई हसल्या. माझे कान तापले होते.

शेवटी मी तिला फोन केला. ती येते, टेबलाशी उभी राहते, कापडावरून हात फिरवते. अर्बाब दारात जपमाळ ओढत माझ्याकडे बघतोय. एसी चालू असून माझी पाठ भिजलीय. ती कापडाची घडी घालायला लागते, आणि मधेच थांबते.

"जोड द्या," ती म्हणते. "उलटी फुलं आईला लगेच कळतील." तेव्हाच्या बायकाही कापड कमी पडलं की असाच जोड द्यायच्या, असं ती मग सांगत राहिली. माझं अर्धं लक्ष कात्रीकडे होतं.

आबा, मग मी पहिला काप दिला. टेबलापलीकडे तुम्ही उभे नाही, हे जाणवलं, आणि मला बरं वाटलं. संध्याकाळी इथल्या दार्सैतच्या देवळात हे देवाला सांगता आलं. खोलीवर येऊन तुमच्या फोटोपुढे उदबत्ती लावली, ती मात्र मान वर न करता. हे सगळं लिहिलेला हा कागदही तिथे ठेवणार नाही.