सगळं चालतंय

प्रिय क्रांती,

तीनदा फोन लावला आणि तीनदा कट केला. मिस्ड कॉल दिसले असतील. फोनवर मी रडायला लागले की तू ‘असू दे गं शिवा’ म्हणतेस आणि मीही ते ऐकून घेते. या वेळी तसं व्हायला नको, म्हणून लिहितेय. शक्यतो काकू जवळ नसताना वाच.

परवा विश्रामबागेतनं येताना ‘सुशी-बिशी’वरून गेले. खालचं टाइल्सचं दुकान तसंच आहे, वर काचांच्या जागी पत्रे मारलेत. यासीनभाई दुबईत आठ वर्षं एका जपानी हॉटेलात राबले आणि सांगलीत येऊन सुशी विकायला बसले, तेव्हा आमची अख्खी स्टाफरूम हसली होती. इथं कोण गार भात खाणार! पण त्यांनी इंद्रायणीचा चिकट भात घेतला, आल्याच्या जागी ओल्या हळदीचं लोणचं ठेवलं, आणि बांगड्याच्या रोलवर भाजलेल्या जवळ्याची, त्या बारीक सुक्या कोळंबीची, चटणी भुरभुरली. माझा घटस्फोट झाला त्या वर्षी एकटीनं हॉटेलात बसून जेवायला मी तिथं शिकले. ‘ताई, आज बांगडा लय ताजा हाय,’ एवढंच म्हणायचे ते. आज कुणी बरोबर नाही का, असं एकदाही विचारलं नाही त्यांनी.

म्हणून तुला तिथं न्यायचं होतं. सहा महिने मागं लागले तेव्हा कुठं तू फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी साताऱ्याहून आलीस. पुढचं तुला ठाऊक आहे, निदान अर्धं तरी. तिसरा घास घेतलास आणि गळ्याला हात लावलास. ओठ बघता बघता सुजले. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला. यासीनभाईंनीच तुला उचलून जिन्यावरनं खाली नेलं, स्वतःची गाडी काढली. तीन दिवस तू आयसीयूत होतीस. दारातल्या बाकावर काकू माझा हात धरून बसल्या होत्या. विश्वजीत साताऱ्याहून धावत आला आणि माझ्या पाया पडायला वाकला. ‘ताई, तुम्ही होता म्हणून माझी बहीण वाचली,’ म्हणाला. मग त्यानं विचारलं, हिला कोळंबी चालत नाही हे त्यांना सांगितलं नव्हतं का? मी म्हटलं, सांगितलं होतं. स्पष्ट सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी हवालदार आले, त्यांनाही तेच सांगितलं. एकदा बोलून गेले होते, आता दुसरं कसं बोलायचं? विश्वजीतनं त्याच संध्याकाळी व्हिडिओ टाकला. त्याचा राग मी समजू शकते, त्याला जे कळलं होतं तेच तो बोलला. पण खालच्या कॉमेंटी तू वाचल्यास का? त्या कोळंबीबद्दल नव्हत्या, यासीन या नावाबद्दल होत्या. मुद्दाम घातलं असणार, असं लिहिलं होतं लोकांनी. बुधवारी दुपारी पंधरा-वीस जण आले आणि काचा फोडून गेले. मी त्या दिवशी तुझ्याजवळ बसून मोसंबी सोलत होते. मोबाइलवर बघितलं आणि सोलत राहिले.

तू बरी होऊन घरी गेल्यावर मला जेवायला बोलावलंत. काकूंनी माझी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. तो नारळ मी अजून फोडलेला नाही.

गेल्या महिन्यात माधवनगरला एका मैत्रिणीकडं गेले होते. कोपऱ्यावर चिकनचं दुकान आहे, यासीनभाईंच्या मेहुण्याचं. तिथं ते कोंबड्या कापत उभे होते. मी तोंड फिरवणार तेवढ्यात त्यांनी हाक मारली. मला वाटलं, आता चार लोकांत शिव्या घालणार. ते हात पुसत बाहेर आले आणि आधी तुझी तब्येत विचारली. मग म्हणाले, ‘ताई, भांडत न्हाई मी. फकस्त येवढं सांगा, मी विचारलेलं का न्हाई? पोलिसांना मी विचारलेलं म्हणून सांगितलं. पण तुमी म्हणताय, कोळंबी चालत न्हाई असं सांगितलेलं. घरात बायको, परवीन, म्हणती, गर्दीत मीच इसरलो असंन. आता मलाच काय कळंना झालंय.’

क्रांती, त्यांनी विचारलं होतं. तू हात धुवायला गेली होतीस. ते स्वतः टेबलाशी आले आणि म्हणाले, ‘पाव्हण्यांना सगळं चालतंय न्हवं? कोळंबी, जवळा?’ मी म्हटलं, ‘सगळं चालतंय.’

विसरले होते, असं लिहिणार होते. दोन कागद तसे लिहून फाडले. विसरले नव्हते. मालवणच्या सहलीत कोळंबीनं तुझ्या अंगावर उठलेल्या गांध्या मला आठवल्या होत्या. पण तेव्हा तू एक गोळी घेऊन पुन्हा पत्ते कुटत बसली होतीस. आणि त्या दिवशी स्टँडवरून येताना तू रस नको म्हणालीस, रिक्षा नको म्हणालीस, हॉटेल वरच्या मजल्यावर का म्हणालीस. मला वाटलं, हिचं हे नेहमीचंच. चिमूटभर जवळ्यानं काय होतंय? माझ्या आवडीची एक गोष्ट तरी हिनं नीट, मला हवी तशी खावी. एवढंच होतं माझ्या मनात. तुझं वाईट व्हावं असं नव्हतं, पण तू कधीपासून सांगत होतीस ते मी खरं धरलं नव्हतं.

दुकानासमोर मी त्यांना म्हटलं, ‘विचारलं होतं तुम्ही.’ ते पायरीवर बसले. मग म्हणाले, ‘हे दुसऱ्या कुणापुढं म्हणाल का?’ मी तशीच निघून आले. त्यानंतर तीन आठवडे काढले मी, क्रांती. वर्गावर जात होते, मुलांच्या वह्या तपासत होते.

काल सकाळी पोलीस स्टेशनला गेले आणि नवा जबाब दिला. आधीचा खोटा होता, असं लिहून सही केली. माझ्यावर काय कारवाई होईल ते साहेबांनी समजावून सांगितलं, कॉलेजलाही कळेल. तुला आणि विश्वजीतला आता बोलावतील. तो कागद यायच्या आधी तुला हे माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. माफी मागत नाही. मागितली तर तू देऊन टाकशील. विश्वजीतला तेवढा तो व्हिडिओ काढून टाकायला सांग, आणि खरं काय झालं ते त्याच जागी लिहायला सांग, माझ्या नावासकट. माझा फोटो त्याच्याकडं आहे, काकू ओटी भरताना काढलेला. तोच लावू दे.

अजून तरी तुझीच,
शिवांजली